अनामत : घर सोडतानाचा हिशेब



या व्याख्यानमालेत गेले काही दिवस आपण मोठमोठे विषय ऐकलेत. राज्यघटना झाली, नद्यांचे पाणी झाले, संतवाङ्मयही झाले. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच घरगुती आहे. भाड्याचे घर सोडताना मालकाने अनामतीतून किती पैसे कापावेत आणि भाडेकरूने त्यावर काय म्हणावे, एवढाच तो विषय. व्याख्यानासाठी हा कसला विषय, असे कोणी मनात म्हणत असेल तर त्याला आम्ही दोष देणार नाही. परंतु येथून परत जाताना वाटेत जरा इकडेतिकडे पाहा. परीक्षा संपल्या की या शहरातल्या प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक सोसायटीच्या दारात एक छोटा टेम्पो उभा दिसतो. त्यात गुंडाळलेली गादी, पालथा घातलेला पंखा, भांड्यांचे पोते आणि सर्वांत वर तुळशीची कुंडी. त्या टेम्पोबरोबर जे कुटुंब निघालेले असते, त्याच्या मनात त्या दिवशी घटना नसते आणि नदीही नसते. जुन्या मालकाकडचे डिपॉझिट कधी आणि किती परत मिळणार, एवढा एकच विचार असतो.

आणि हा विचार लहान नाही. नव्या घराची अनामत किल्ली हाती येण्यापूर्वी द्यावी लागते. जुन्या घराची किल्ली परत दिल्यावर मिळते. म्हणजे मध्ये काही दिवस गरीब माणसाला एकाच वेळी दोन घरांच्या अनामतीचा भार वाहावा लागतो. ज्याची शिल्लकच तीन महिन्यांच्या भाड्याएवढी, त्याची सगळी शिल्लक त्या दिवशी दुसऱ्याच्या मुठीत असते. अशा वेळी "एवढे कापले, एवढे घ्या आणि सही करा" असे कोणी म्हटले, तर तो सही करतो. त्याला ते पटलेले असते असे नव्हे. टेम्पोवाला खाली भोंगा वाजवीत असतो, म्हणून तो सही करतो.

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे आपण विचाराल. आम्ही वकील नाही. आम्ही एक घरमालक आहोत, आणि एकदा आम्ही स्वतः हे पाप केलेले आहे. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे उपदेशासारखे वाटणार नाही.

निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या फंडातून आम्ही एक छोटा फ्लॅट घेतला. तो एका तरुण जोडप्याला भाड्याने दिला. नवरा चाकणकडच्या एका कारखान्यात कामाला, पदरी एक लहान मुलगी. भाडे १४,००० रुपये, अनामत तीन महिन्यांची म्हणजे ४२,००० रुपये. अकरा महिन्यांचा करार तीनदा झाला. ३३ महिने ते राहिले. भाडे एकदाही चुकले नाही. सोडून जाण्याच्या दिवशी आमच्या एजंटाने घर पाहिले आणि आकडे सांगितले : रंगकाम १८,०००, गिझर ४,५००, साफसफाई २,५००. एकूण २५,००० रुपये वजा आणि हातात १७,०००. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मुलीची उंची मोजून पेन्सिलीने रेघा ओढलेल्या होत्या. एजंटाने त्या बोट ठेवून दाखवल्या. "भिंतींची ही अवस्था," तो म्हणाला.

तो तरुण संध्याकाळी आमच्या घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, "काका, आम्ही आलो तेव्हाच रंग जुना होता. माझ्याकडे फोटो आहेत, बघता का?" त्याने फोन पुढे केला. आम्ही तो हातात घेतला नाही. "अहो, करारात लिहिलंय तसंच केलंय," असे म्हणून आम्ही मोकळे झालो. तो उठून गेला. त्या फोनकडे न पाहणे हे आमच्या हातून घडलेले खरे पाप. आकड्यांची चूक ही त्यानंतरची गोष्ट.

आता या प्रसंगाचा हिशेब आपण पुढे करू. प्रथम शब्द पाहू. 'अनामत' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारशीच्या वाटेने आला. 'अमानत' म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. ज्याच्याकडे सोपवली त्याने ती सांभाळावी आणि मागितली की परत द्यावी, हा त्या शब्दाचा प्राण आहे. आपला मराठी शब्द 'ठेव' हाही तेच सांगतो. शेजारणीने गावाला जाताना डबा आपल्याकडे ठेवला, म्हणून त्यातले लाडू आपले होत नाहीत. अनामत मालकाच्या खात्यात असते, पण पैसा भाडेकरूचा असतो. आमचे आजचे सगळे सांगणे या एका वाक्यात आहे. कारण एकदा हे मान्य झाले की पुढचा प्रश्न आपोआप बदलतो. भाडेकरूने पैसे परत का मागावेत, हे त्याने सिद्ध करण्याची गरज उरत नाही. मालकाने का कापले, हे मालकाने दाखवायचे असते.

परंतु आपल्याकडे हा अर्थ नीट रुजला नाही, याला इतिहास आहे. मुंबई इलाख्यात भाड्यावर नियंत्रण १९१८ साली आले. पुढे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला आणि तो १९४८ च्या फेब्रुवारीत अमलात आला. भाडी गोठली. गोठलेल्या भाड्यावर मालकाचे भागेना, म्हणून घर देताना एकरकमी पगडी घेण्याची चाल बोकाळली. कायद्याने पगडी घेणे गुन्हा ठरवले, तरी व्यवहार टेबलाखालून चालूच राहिला. १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक म्हणून घरात राहत होते त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्या दिवसापासून मालकाच्या मनात जी धास्ती बसली ती फार वर्षे गेली नाही. घर दिले की गेले, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अनेकांनी घरे कुलूप लावून ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत.

मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. पगडी त्याने कायदेशीर केली. आणि 'लिव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे परवान्यावर, दिलेले घर मुदत संपताच परत मिळवण्याची वेगळी सोपी वाट त्याने मालकाला करून दिली. मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल, तर त्याने दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी असेही त्यात आहे. म्हणजे जुन्या धास्तीवर कायद्याने औषध दिले. हे चांगले झाले, असेच आम्ही म्हणू. परंतु भाडेकरूने घर अडवले तर दुप्पट, आणि मालकाने अनामत अडवली तर? त्या बाजूला तसे कलम नाही. तराजूचे एक पारडे जड झाले ते असे.

पगडी आणि अनामत यांत फरक एकच : पगडी परत येत नाही, अनामत परत येते. जी अनामत दरवेळी कापून अर्धीच परत येते, ती कागदावर काहीही म्हणवून घेवो, निम्मी पगडीच झाली.

आता मालकाची बाजूही बोलली पाहिजे, कारण आम्ही त्याच जातीचे. अनामत घेण्यात गैर काही नाही. भाडेकरू विजेचे बिल थकवून जाऊ शकतो, काच फोडून जाऊ शकतो, शेवटच्या महिन्याचे भाडे न देता किल्ली रखवालदाराकडे टाकून पसार होऊ शकतो. हे सर्व घडते. आमच्याही ओळखीत घडले आहे. अनामत त्यासाठीच आहे. वाद आहे तो वेगळ्याच ठिकाणी. नुकसान कशाला म्हणावे आणि झीज कशाला म्हणावे, तेथे तो आहे.

घर वापरले की झिजते. माणूस राहतो म्हणजे चालतो, भिंतीला टेकतो, फोडणी घालतो, नळ सोडतो. त्याने फरशीची चकाकी जाते, रंग फिका पडतो, नळाचा वायसर जातो. त्या झिजेचा मोबदला म्हणूनच तर तो दरमहा भाडे देतो. तोच मोबदला शेवटी अनामतीतून पुन्हा घेणे म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे घेणे. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये पट्टेदाराने जागा मूळ स्थितीत परत द्यावी असे सांगताना, वाजवी वापराने होणारी झीज वगळून, असे स्पष्ट म्हटले आहे. लिव्ह अँड लायसन्स हा पट्टा नव्हे, म्हणून ते कलम जसेच्या तसे त्याला लागू होत नाही, असे कायदेपंडित सांगतील आणि ते खरे आहे. पण आपले छापील करारनामे काढून पाहा. बहुतेकांत हेच वाक्य इंग्रजीत उतरवलेले आढळेल. मालक व भाडेकरू दोघेही त्याखाली सही करतात. वाचत मात्र कोणीच नाही.

कोणती दुरुस्ती कोणाची, हे ठरवायला एक चांगला नमुनाही उपलब्ध आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये आदर्श घरभाडे कायद्याचा मसुदा मंजूर केला. तो नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही, हे ध्यानात ठेवावे. परंतु शहाण्या माणसाला नमुनाही उपयोगी पडतो. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे आहे. आणि शेवटी दुरुस्त्यांची वाटणी दिली आहे. भिंतींना सफेदी, दारे-खिडक्यांना रंग, नळाचे पाइप, विजेची वायरिंग ही मालकाकडे. नळ आणि त्याचे वायसर, गटाराची साफसफाई, गिझरची दुरुस्ती, बटणे व सॉकेट, कुलपे, खिडकीची काच ही भाडेकरूकडे. रंग कोणाच्या बाजूला आहे, हे आपण ऐकलेत. आमच्या कापाकापीतली सर्वांत मोठी रक्कम रंगाचीच होती.

आता आमचा हिशेब घेऊ. पेन्सिलीच्या रेघा म्हणजे झीज नव्हे, ते नुकसान, असे क्षणभर मालकाच्या बाजूने धरू. तरी नव्या रंगाची सगळी किंमत भाडेकरूकडून घेता येईल काय? घरातला रंग साधारण पाच वर्षे टिकतो असे समजू. म्हणजे ६० महिने. १८,००० भागिले ६०, महिन्याला ३०० रुपये. हे कुटुंब राहायला आले तेव्हा रंग लावून २४ महिने झाले होते. ते राहिले ३३ महिने. एकूण ५७. म्हणजे त्या रंगाचे आयुष्य उरले होते तीन महिन्यांचे. भाडेकरूने फार तर त्या तीन महिन्यांचे नुकसान केले : ९०० रुपये. आम्ही घेतले १८,०००. उरलेल्या १७,१०० रुपयांत आम्ही आमच्या घराला नवा रंग दिला तो दुसऱ्याच्या पैशाने.

गिझर आठ वर्षांचा जुना होता. आमच्या भागात बोअरचे जड पाणी येते; आतल्या कॉइलवर क्षार चढून तो गेला. आधीच म्हातारा झालेला गिझर शेवटी ज्याच्या हातात बंद पडला त्याच्या माथी मारणे हे न्यायाचे नव्हे. दुरुस्तीजोगा असता तर दुरुस्तीचे पैसे मागितले असते. नवा गिझर मागणे गैर. साफसफाईचे २,५०० रुपये मात्र आम्ही आजही वाजवी समजतो. ओट्यामागच्या टाइल्सवर तेलाचा थर होता आणि तो पुसून देणे त्यांचे काम होते. म्हणजे खरी वजावट ९०० अधिक २,५००, एकूण ३,४००. आम्ही कापले २५,०००. जास्तीचे घेतले २१,६०० रुपये.

आणखी एक गंमत सांगतो. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर आपल्या राज्यात जे मुद्रांक शुल्क बसते, ते मोजताना सरकार भाड्याच्या बेरजेत परतीच्या अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांप्रमाणे व्याज धरते, आणि त्या एकूण रकमेवर पाव टक्का शुल्क घेते. म्हणजे ही रक्कम मालकाकडे स्वस्थ पडून नाही, ती त्याच्यासाठी कमावते आहे, हे सरकारला ठाऊक आहे. ४२,००० रुपयांवर या दराने ३३ महिन्यांचे व्याज होते ११,५५०. बँकेत आम्हांला एवढे मिळाले नाही हे खरे. पण सरकारी मोजमापाने आमचा एवढा लाभ झालेला होता. त्या लाभाचा विचार करार करताना कोणी करत नाही आणि कापताना तर मुळीच करत नाही.

"पण करारात लिहिलंय" हे आमचे उत्तर होते. पुष्कळ मालकांचे तेच असते. एक महिन्याचे भाडे रंगासाठी कापले जाईल, मुदतीआधी सोडल्यास सगळी अनामत जप्त, अशी वाक्ये करारात असतात. त्यांचे बळ किती? १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा समजावी. त्या मर्यादेत न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात हे तत्त्व उलगडले आणि आधी भरून घेतलेली रक्कम जप्त करण्यालाही ते लावले. २०१५ च्या कैलाशनाथ खटल्यात ते पुन्हा सांगितले : नुकसान मुळी झालेच नसेल तर भरपाईही नाही. म्हणजे भाडेकरू दोन महिने आधी निघाला आणि आठव्या दिवशी नवा भाडेकरू आला, तर मालकाचे नुकसान आठ दिवसांचे; दोन महिन्यांचे नव्हे. लिहिलेले वाक्य म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, एवढे सामान्य माणसाने या खटल्यांतून घ्यावे.

दुसरा एक गैरसमज. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, असे अजूनही पुष्कळ जण मानतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याला नोंदणी लागते, त्यातून ही अकरा महिन्यांची चाल पडली. महाराष्ट्रात ती पळवाट १९९९ च्या कायद्याने बंद केली आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, मग तो कितीही महिन्यांचा असो. आणि नोंदण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सर्वांत महत्त्वाचे : नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. थोडे पैसे वाचवण्यासाठी करार न नोंदणारा मालक भाडेकरूच्या हाती केवढे शस्त्र देतो, हे त्याला ठाऊक नसते. आणि दुर्दैवाने भाडेकरूलाही नसते.

आता एजंटाविषयी दोन शब्द. सगळे एजंट लबाड असतात असे आम्ही म्हणणार नाही. उन्हातान्हात दहा घरे दाखवून दोन अनोळखी माणसांची गाठ घालून देणे हे कष्टाचे काम आहे आणि त्याची दलाली त्याला मिळालीच पाहिजे. पण त्याचे काम तेथे संपते. घर सोडताना तोच पंच, तोच रंगारी पाठवणारा आणि तोच हिशेबनीस झाला, तर न्याय कोठून यावा? रंगकाम निघाले तर रंगाऱ्याला काम मिळते, आणि घर लवकर रिकामे झाले तर एजंटाला दुसरी दलाली मिळते. पंचाला दोन्हीकडून लाभ असेल तर त्याला पंच म्हणू नये. करार कायद्याच्या कलम २३० प्रमाणे एजंट सामान्यतः मालकाच्या वतीने केलेल्या कराराला स्वतः बांधलेला नसतो. म्हणून अनामत कधीही एजंटाच्या हाती रोख देऊ नये. ती मालकाच्या बँक खात्यात, मालकाच्या नावाने जावी. उद्या वाद झाला तर दाद मालकाकडेच मागायची आहे.

परदेशी हाच रोग होता, त्यावर त्यांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले लंडनला किंवा मँचेस्टरला शिकायला जातात, त्यांना विचारा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने ६ एप्रिल २००७ पासून अशी व्यवस्था सुरू झाली की खासगी भाड्याच्या बहुतेक घरांची अनामत मालकाने सरकारमान्य संरक्षण योजनेत नोंदली पाहिजे. त्यासाठी आता ३० दिवसांची मुदत आहे. न नोंदल्यास न्यायालय अनामतीच्या एकपट ते तिपटीपर्यंत रक्कम भाडेकरूला द्यायला लावते. शेवटी वाद झाला तर योजनेतला लवाद दोन्हीकडचे कागद पाहून विनामूल्य निवाडा देतो, आणि तो सुरुवात करतो ती पैसा भाडेकरूचा आहे या गृहीतापासून. मालकाने यादी, फोटो, बिले दाखवली तर त्याला मिळते. न दाखवली तर नाही. तेथील मालक आपल्याहून सज्जन आहेत असे आम्हांला वाटत नाही. पण अनामत हा शब्द त्यांनी कायद्यात उतरवला. आपण तो बोलण्यातच ठेवला.

आपल्याकडे तशी योजना येईल तेव्हा येवो. तोवर काय करावे? श्रोतेहो, अनामतीचा वाद जाण्याच्या दिवशी होतो, पण तो जिंकला किंवा हरला जातो येण्याच्या दिवशी. किल्ली घेण्यापूर्वी रिकाम्या घराचे फोटो काढावेत. भिंती, ओटा, न्हाणीघर, छताची ओल, काही सोडू नये. ते त्याच दिवशी मालकाला पाठवून द्यावेत, म्हणजे तारीख पक्की होते. सामानाची यादी करावी, आणि यादीत 'एक गिझर' एवढेच लिहू नये. 'गिझर, अमुक वर्षांचा' असे लिहावे. रंग कधी लावला ते लिहावे. वीजमीटरचा आकडा लिहावा. खाली दोघांनी सह्या कराव्यात. आणि करारात एक वाक्य घालून घ्यावे : ताबा दिल्यापासून इतक्या दिवसांत, बिलांसह लेखी हिशेब देऊन, अनामत परत केली जाईल. यातले कोणतेही काम अर्ध्या तासाहून अधिक नाही.

जाताना दोन आठवडे आधी मालकाला बोलावून दोघांनी मिळून घर पाहावे. जे स्वतः नीट करून देता येईल ते करून द्यावे. ताबा दिल्याचा कागद घ्यावा. रक्कम कमी मिळाली तर भांडू नये आणि पूर्ण समाधान झाल्याची सहीही करू नये; "इतके मिळाले, उरलेल्या रकमेबाबत हक्क राखून" असे लिहून घ्यावे. मग लेखी मागणी करावी, पोच मिळेल अशा रीतीने. पत्रात शिव्याशाप नकोत, प्रश्न हवेत : कोणती वस्तू, किती जुनी, नुकसान काय, बिल कोठे? शेवटच्या महिन्याचे भाडे अनामतीतून वळते करून घेण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने मालकाची भीती खरी ठरते आणि पुढच्या भाडेकरूचे नुकसान होते.

एवढ्यानेही भागले नाही तर दाव्याची वाट आहे. पैशांच्या दाव्याला सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते, म्हणून झोपून राहू नये. परंतु वीस हजारांसाठी कोर्टाची पायरी चढणे किती जणांना परवडेल? त्यांच्यासाठी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीची सोय केली आहे. दावा दाखल होण्यापूर्वीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. दोन्ही पक्षांची तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि त्यावर अपील नसते. मालक तडजोडीला तयारच नसेल तर ही वाट खुंटते, हेही सांगितले पाहिजे. पण अनुभव असा की कागद घेऊन आलेल्या माणसाशी तडजोड करायला बहुतेक मालक तयार होतात.

आता आमची गोष्ट पुरी करून आपली रजा घेतो. तो तरुण गेल्यावर सात महिन्यांनी आयकराचे कागद शोधताना आमच्या कुटुंबाच्या हाती रंगाऱ्याची जुनी पावती लागली. तिच्यावरची तारीख पाहून त्या म्हणाल्या, "अहो, तो मुलगा खरं सांगत होता." आम्ही वही घेतली आणि आपल्यापुढे आता मांडला तो हिशेब त्या रात्री मांडला. २१,६०० रुपये त्याच्या खात्यावर पाठवले आणि मग फोन केला. काय बोलावे ते सुचेना. तो म्हणाला, "पोहोचले, काका." नव्या घराची अनामत भरायला त्याने कारखान्यातल्या सोबत्यांकडून उसने घेतले होते आणि सात महिने तो ते पगारातून फेडत होता, हे आम्ही विचारले तेव्हा कळले. मग थोडा थांबून त्याने विचारले, "काका, दाराच्या चौकटीवरच्या त्या रेघा आहेत का अजून? मुलगी विचारते."

त्या रेघा नव्हत्या. आम्ही त्याच्याच पैशांनी त्यांवर रंग दिला होता.

पैसे परत करता येतात, आणि ते करावेत, उशिरा का होईना. काही गोष्टी परत करता येत नाहीत. म्हणून त्या घडण्यापूर्वी समोरच्याने पुढे केलेला फोन हातात घ्यावा आणि फोटो पाहावेत. येथे जमलेल्या मंडळींत घरमालक पुष्कळ असतील, भाडेकरू त्याहून अधिक असतील, आणि आयुष्यात दोन्ही भूमिका केलेले आमच्यासारखेही असतील. दोघांनाही आमचे एकच सांगणे : या वैशाखात किल्ल्या हातोहात बदलतील, तेव्हा किल्लीबरोबर एक यादी आणि एक हिशेबही बदलू द्या. अनामत म्हणून घेतलेली वस्तू अनामत म्हणूनच परत जाऊ द्या.